बासष्ट गावांचा चंद्र

"दोन रकाने आख," आठल्ये सर म्हणाले. "एकात हाताने करायची कामं, दुसऱ्यात यंत्राने करायची. अंगारकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला कागद पाहिजे."

"कागद की शीट?"

"कागद. शीट माझ्याकडे उघडत नाही."

आमच्या ऑफिसातल्या ऑटोमेशनची सुरुवात अशी झाली. मी वहीचं एक पान फाडलं, पट्टी सापडेना म्हणून मोबाइलच्या कडेने मधोमध रेघ मारली आणि वर लिहिलं : हात. यंत्र.

समोरच्या टेबलावर कुमुदताई लाटकर टेलिफोनचा रिसीव्हर ओल्या फडक्याने पुसत होत्या. ऑफिसातला तो एकमेव लँडलाइन. त्याला कुमुदताईंशिवाय कोणी हात लावत नसे, तरी रोज सकाळी त्या तो अशा पुसायच्या की जणू रात्रभर त्यावर गावाने गप्पा मारल्यात.

"आणि विचार करून भर," सर म्हणाले. "अंगारकी झाली की ही बाहेरची खोली सोडायचीय. खालच्या चष्मेवाल्याला डोळे तपासायला हवीय. आत माझ्या टेबलाशेजारी एकच टेबल बसतं. मी मोजलंय. ज्याचं काम हाताच्या रकान्यात उरेल त्याचं टेबल आत येईल. यात वैयक्तिक काही नाही."

सर पुण्याला दोन दिवसांचं कसलंसं शिबिर करून आले होते. तिकडून येताना माणूस कंदी पेढे आणत नाही, पण निदान बाकरवडी आणतो. सरांनी 'स्केल' हा शब्द आणला होता.

हे आठ वर्षांपूर्वीचं. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, आटपाडीहून वाईला येऊन खोली करून राहत होतो आणि 'आठल्ये दिनदर्शिका' या ब्लॉगचा एसइओ बघत होतो. म्हणजे लोकांनी गुगलला काही विचारलं की आमचं पान वर यावं यासाठी जे काही करावं लागतं ते सगळं करत होतो. सरांचे वडील भिंतीवरची दिनदर्शिका छापायचे. ती बंद पडली, ब्लॉग उरला. त्यावर रोजची तिथी, सण, पाककृती असायच्या, पण खरं गिऱ्हाईक संकष्टीचं. दिवसभर उपास केलेला माणूस चंद्र बघूनच जेवतो, आणि संध्याकाळी सातच्या पुढे अर्धं राज्य मोबाइल हातात घेऊन एकच प्रश्न विचारतं : आज चंद्रोदय किती वाजता? त्या प्रश्नाला पहिलं उत्तर आमचं असावं, एवढ्यासाठी माझा जन्म होता.

आमचं वैशिष्ट्य म्हणजे आम्ही नुसती पंचांगातली वेळ देत नव्हतो. वाईच्या आसपासची, सांगली-कोल्हापूरकडची आणि कोकणातली मिळून बासष्ट गावं आमच्या यादीत होती आणि प्रत्येक गावाला त्या गावात चंद्र प्रत्यक्ष कधी दिसतो त्याची वेळ होती. ती कुमुदताई काढायच्या. दर संकष्टीला चंद्रोदय झाला की त्या बासष्ट गावांतल्या बासष्ट माणसांना लागोपाठ फोन करायच्या. कोणी औषधाच्या दुकानातला, कोणी कँटीनवाला, कोणी निवृत्त बाई. "चंद्र दिसला का?" एवढंच विचारायचं, "दिसला" म्हटलं की वेळ वहीत टिपायची, फोन ठेवायचा. प्रत्येक गावाला वहीत वेगळं पान. अशी सतरा वर्षं. पंचांगातली वेळ आणि वहीतली वेळ यांतल्या फरकाची सरासरी काढून पुढच्या महिन्याचा अंदाज ब्लॉगवर जायचा.

मी कागद भरायला घेतला. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. दोन वर्षं मी जी कामं करत होतो त्यातलं एकही काम माणसाने करण्यासारखं नव्हतं. रोज 'आजची तिथी' हे पान नव्याने लिहायचं, तिथी सोडून बाकी सगळं तेच. प्रत्येक फोटोखाली तो कशाचा आहे ते गुगलला लिहून कळवायचं. मोदकाच्या फोटोखाली 'मोदक' असं मी एकशे चाळीस वेळा लिहिलं होतं. मेलेले दुवे शोधायचे. जुन्या लेखांची तारीख बदलून ते आजच सुचल्यासारखे दाखवायचे. लोक काय शोधतात त्याची यादी काढायची, मथळे त्या यादीप्रमाणे वाकवायचे, टॅग लावायचे, फेसबुकवर टाकायचे. आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे प्रतिक्रियांना उत्तरं. संकष्टीच्या पानावर चारशे लोक 'गणपती बाप्पा मोरया' लिहायचे आणि सरांचा आग्रह असा की प्रत्येकाला उत्तर गेलंच पाहिजे. मी चारशे वेळा 'मोरया' लिहायचो. एकदा कॉपी-पेस्ट करताना सापडलो तर सर म्हणाले, "त्यात भाव नाही."

दुपारपर्यंत यंत्राच्या रकान्यात अकरा कामं झाली. हाताच्या रकान्यात काहीच नाही.

"माझं कुठल्यात टाकलंस?" कुमुदताईंनी विचारलं.

"अजून कुठेच नाही."

"टाक की. लाजू नकोस, धीरू. मला यापूर्वी एकदा ऑटोमॅटिक केलंय." त्या तरुणपणी साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या. मग एसटीडी आली, लोक आपापले नंबर फिरवायला लागले आणि त्यांचा सगळा हॉल घरी गेला. "तेव्हा सत्कार झाला होता. शाल दिली. या वेळी शाल नको. घरी तीच अजून पडून आहे."

आता सरांच्या 'स्केल'कडे येतो. बासष्ट गावं म्हणजे काही गावं झाली का, असं त्यांना शिबिरात कोणीतरी विचारलं होतं. राज्यातल्या प्रत्येक गावाचं पान पाहिजे होतं. साचा मी दोन दिवसांत केला. गावाचं नाव टाकलं की 'अमुक येथे आज चंद्रोदय किती वाजता?' असं पान तयार. चाचणीला पाचशे गावांची पानं काढली. त्यातलं एक गाव बऱ्याच वर्षांपूर्वी धरणात गेलेलं निघालं. त्याची वेळ मात्र बिनचूक होती.

अडचण एकच होती. पंचांगातली वेळ अक्षांश-रेखांशावरून काढता येते. पण वहीतला तो फरक, जो आमचं वैशिष्ट्य होता, तो नव्या गावांना कुठून आणायचा? त्याचं सूत्र शोधायचं ठरलं. त्यासाठी कुमुदताईंच्या वह्या कॉम्प्युटरवर घ्याव्या लागल्या. तेरा हजारांवर नोंदी. यंत्राला कुमुदताईंचं अक्षर वाचता येईना, म्हणून त्या मी टाइप केल्या. सहा आठवडे. हाताने.

आणि मग सूत्र सापडेना.

पहिला विचार डोंगरांचा. चंद्र पूर्वेला उगवतो. पूर्वेला डोंगर असेल तर उशिरा दिसणार. वेंगुर्ल्याला सत्तेचाळीस मिनिटं उशीर होता, पूर्वेला सह्याद्री. झकास. मी सरांना सूत्र सापडल्याचं सांगितलंसुद्धा. मग कुरुंदवाड बघितलं. चाळीस मिनिटं. कुरुंदवाडच्या पूर्वेला डोंगर नाही, ऊस आहे. ऊस कितीही चांगला आला तरी चाळीस मिनिटं उंच होत नाही.

मग मी समुद्रापासूनचं अंतर लावून बघितलं. नदी लावली. लोकसंख्या लावली. शेवटी वैतागून पिनकोड लावला. गावं अकारविल्हे लावली. काहीच जुळेना. शेजारशेजारच्या दोन गावांत अर्ध्या तासाचा फरक. आणि चिपळूण तर मुद्दाम माझ्या वाइटावर होतं. तिथे कित्येक वर्षं चंद्र पंचांगापेक्षा एकतीस मिनिटं उशिरा दिसत होता, आणि २००९च्या मार्च महिन्यापासून तो एकदम दोनच मिनिटं उशिरा दिसायला लागला. त्या महिन्यात चिपळूणच्या पूर्वेचा डोंगर कोणी काढून नेल्याची बातमी मला सापडली नाही. मी शोधली. वर्तमानपत्रांची आधीची फाईल, नंतरची फाईल, सगळं बघितलं.

"ताई, चिपळूणला नऊ साली काय झालं?"

"बरंच काही झालं असेल. मोठं गाव आहे."

"चंद्राचं म्हणतोय."

"त्याला काय होणार?" म्हणून त्या पुन्हा वर्तमानपत्राकडे वळल्या.

मी रात्री स्वप्नात गावं चढत्या क्रमाने लावायचो आणि उतरत्या क्रमाने जागा व्हायचो. शेवटी सरांनीच तोडगा काढला. "फरक सोड. पंचांगाची वेळ सगळ्यांना सरसकट लाव. येत्या अंगारकीला चाचणी. फोन नाही, वही नाही, सगळं यंत्र. कुमुदताई, तुम्ही त्या दिवशी आराम करा."

संकष्टी मंगळवारी आली की ती अंगारकी, आणि अंगारकीला एरवी उपास न करणारेही करतात. ती नेमकी आषाढात आली होती. संध्याकाळपासून आभाळ असं भरलेलं की चंद्र सोडा, समोरच्या गच्चीवरची टाकी दिसत नव्हती. पावणेनऊला मी, सर आणि कुमुदताई ऑफिसात होतो. आराम करा म्हटलं तरी त्या आल्या होत्या. टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

नऊ वाजून अकरा मिनिटांनी यंत्राने एका दमात बासष्ट गावांचं पान प्रसिद्ध केलं. 'चंद्रोदय झाला आहे. आपण उपास सोडू शकता.' फेसबुकवर गेलं. टॅग लागले. मोदकाच्या फोटोला मोदक लागलं. पहिली प्रतिक्रिया आली, यंत्राने तिला 'मोरया' असं उत्तर दिलं. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

नऊ चौदाला लँडलाइन वाजला. कुमुदताईंचा हात उठला, सरांनी मान हलवली, हात खाली गेला. मी उचलला.

"कुरुंदवाडहून मगदूम बोलतोय. ताईंना बरं नाही का ओ?"

"बऱ्या आहेत."

"मग फोन का नाही केला?"

"आजपासून वेळ वेबसाइटवर टाकलीय, अण्णा. चंद्रोदय होऊन गेला."

"ते पोरानं दाखवलं. पण ताईंचा फोन नाही आला."

"तुम्हाला चंद्र दिसला का?"

"आम्ही कुठं बघितलाय? फोन आला की मग माडीवर चढतो. गुडघं काय म्हणतात माहितीय का? दोनदोनदा कोण चढणार? ताई विचारणार, मग मी बघणार, मग खाली ओरडणार, मग गल्ली जेवणार. रीतच हाय ती."

"किती वर्षांची?"

"तुझं वय काय?"

मी फोन ठेवला आणि तेरा हजार नोंदी उघडल्या. आता मला डोंगर नको होते. एका संकष्टीच्या बासष्ट वेळा घेतल्या आणि चढत्या क्रमाने लावल्या. पहिलं गाव, पाऊण मिनिट. दुसरं गाव, दीड मिनिट. तिसरं, सव्वादोन. प्रत्येक दोन गावांत पाऊण मिनिट, म्हणजे बरोबर एक फोन लावून ठेवायला लागतो तेवढा वेळ. बासष्टावं गाव वेंगुर्ला : सत्तेचाळीस मिनिटं.

सतरा वर्षं बासष्ट गावांत चंद्र पृथ्वीच्या फिरण्याने उगवत नव्हता. कुमुदताई नंबर फिरवतील तसा उगवत होता.

मला हसू यायला पाहिजे होतं. सहा आठवडे टाइप केलेल्या माणसाला येत नाही. मी उठून ओरडलोच, "ताई, हे तुमच्या फोनची वाट बघतात! तुम्ही विचारलं की हे बघतात. ही चंद्राची वेळ नाही, ही तुमच्या फोनची वेळ आहे!"

"हो," कुमुदताई म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी कळलं."

सर आतल्या दारात उभे होते. "म्हणजे आपण सतरा वर्षं चुकीची वेळ देतोय?"

"चुकीची नाही. उशिराची," कुमुदताई म्हणाल्या. "चंद्र उगवायच्या आधी कोणाला जेवायला लावलं असतं तर लोकांनी ऑफिस पाडलं असतं. उगवल्यावर कितीही उशिरा जेवलं तरी चालतं. एकाचीही तक्रार आली का?"

सरांचा मोबाइल वाजायला लागला. माझा वाजायला लागला. माझा नंबर लोकांना कोणी दिला ते मला अजून कळलेलं नाही. कराड, मलकापूर, राजापूर, इस्लामपूर. सगळ्यांचं एकच, ताई बऱ्या आहेत ना, आणि पानं वाढून ठेवलीत. ब्लॉगवर प्रतिक्रिया पडत होत्या : 'ताईंचा फोन आला नाही.' यंत्र म्हणत होतं, 'मोरया.' 'आम्ही पंधरा माणसं उपाशी आहोत.' 'मोरया.' 'कोणी आहे का तिथे?' 'मोरया.' मी ते बंद करायला गेलो तर पासवर्ड यंत्रानेच बदलला होता. तेही काम मी त्याच्याच रकान्यात टाकलं होतं.

सर छत्री घेऊन गॅलरीत गेले. चंद्र दिसतोय का बघायला.

लँडलाइन पुन्हा वाजला.

"चिपळूणहून सौ. शिरगावकर. ताई आहेत का? ह्यांना घाम सुटलाय, हात थरथरतायत. पानावर बसलेत, पण ताईंचा फोन आल्याशिवाय घास उचलणार नाही म्हणतात."

"काकू, चंद्रोदय झालाय. अकरा मिनिटांपूर्वी. पंचांगात—"

"मी सांगून थकले रे बाबा. औषधाचं दुकान चालवतात आणि स्वतःच्या—"

रिसीव्हर माझ्या हातातून गेला. कुमुदताई इतक्या झटकन कधी उठल्या ते मला दिसलं नाही.

"वहिनी, त्यांच्या कानाला लावा... शिरगावकर, चंद्र दिसला. हो, मी सांगतेय ना. आधी साखर जिभेवर ठेवा, मग नमस्कार करा. उलटं करू नका. वहिनी, मला पाच मिनिटांनी कळवा."

गॅलरीतून सर ओरडले, "कुठे दिसला? मला दिसत नाहीये!"

"तुम्ही पश्चिमेला, घाटाकडे तोंड करून उभे आहात," कुमुदताई म्हणाल्या आणि पुढचा नंबर लावला.

मी त्यांच्याशेजारी उभा राहिलो. त्या वहीत न बघता नंबर लावत होत्या. मी यापूर्वी शंभर वेळा त्यांना फोन करताना बघितलं होतं, पण कानावर हेडफोन असायचे, मथळे वाकवायचे असायचे. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"दिसला हं, काका. इन्सुलिन घेऊन बसला नव्हतात ना?... दिसला. सूनबाईला आधी वाढा, कितवा लागला?... दिसला हो, आजी. ती मोठी गोळी जेवल्यावर, लक्षात आहे ना... दिसला. डॉक्टर काय म्हणाले? बरं. तुम्ही आता उपास सोडा म्हणजे कायमचाच सोडा, ऐका माझं."

दहा फोन झाले, पंधरा झाले. हळूहळू आवाज बदलत गेले. विसाव्यानंतर पलीकडची माणसं धडधाकट वाटायला लागली. चाळिसाव्याला पलीकडून कोणीतरी विनोद सांगितला. मी स्क्रीनवर चढत्या क्रमाने लावलेली यादी बघत होतो, आणि जी यादी डोंगर, नदी, पिनकोड कशालाच जुळत नव्हती, ती समोर एकेक करून जुळत होती. आधी साखरवाले. मग पोटुशा. मग म्हातारी. मग गोळ्यांवरची. मग उरलेले.

दोन फोनांच्या मध्ये मी विचारलं, "शिरगावकरांना शुगर कधी निघाली?"

"नऊच्या मार्चमध्ये," त्या म्हणाल्या. "तोवर एकेचाळिसावे होते."

माझा डोंगर सापडला.

बासष्टावा फोन वेंगुर्ल्याला. "दिसला, बोवलेकर बाई... हसू नका... ठेवते." रिसीव्हर ठेवून त्या मला म्हणाल्या, "ही आठ वाजताच जेवून मोकळी होते. नवऱ्याला सांगत नाही. म्हणून शेवटी."

"हे वहीत कुठे लिहिलेलं नाही."

"लिहायचं नसतं. ट्रंकवर पहिल्या दिवशी शिकवलं होतं, ऐकायला सगळं येतं, बाहेर काही जाता कामा नये. या लोकांनी मला सांगितलंय. आठल्यांना नाही, तुझ्या शीटला नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तू हे रकान्यात लिहिणार आहेस का?"

तेवढ्यात सर ओलेचिंब होऊन आत आले, आणि मला उत्तर द्यावं लागलं नाही.

सकाळी मी कागद घेऊन त्यांच्यासमोर बसलो. रात्रीच्या पावसाने त्यांना सर्दी झाली होती, उत्साह मात्र कोरडा होता.

"मी विचार केला," ते म्हणाले. "लोकांना फोन हवाय, तर फोन देऊ. कुमुदताईंचा आवाज रेकॉर्ड करू, 'चंद्र दिसला', आणि यंत्राला करू दे फोन. बासष्ट कशाला, बासष्ट हजार लोकांना. पण तो क्रम महत्त्वाचा वाटतो. काल चिपळूण आधी गेलं म्हणून निभावलं. त्या क्रमाला काहीतरी नियम असणार. तो काय आहे? तुझ्याकडे सतरा वर्षांचा सगळा डेटा आहे. सापडला असेल तुला."

बाहेरच्या खोलीत कुमुदताई फोन पुसत होत्या. दार उघडं होतं. फडक्याचा आवाज येत होता, मग यायचा थांबला.

मला नियम सापडला होता. मला आयुष्यात पहिल्यांदा कशाचा तरी नियम सापडला होता. तो दोन ओळींत मांडता आला असता. कोणाला काय आजार आहे त्याचा एक रकाना केला की झालं; यंत्राने तो महिन्याला स्वतः नवा करून घेतला असता. मी सहा आठवडे घातले होते. कोणालातरी तो सांगायचाच होता, इतकं ते आतून टोचत होतं.

"नियम नाही सर," मी म्हणालो.

"नाही म्हणजे?"

"उगाच आहे. त्यांना वाटेल तसा फिरवतात. कधी चिपळूण, कधी कराड. मी सगळं लावून बघितलं."

"पिनकोड?"

"पिनकोडसुद्धा."

सरांनी नाक पुसलं. "मग यंत्राला शिकवता येणार नाही."

"नाही."

"मग ते हाताच्या रकान्यात."

मी पेन काढलं आणि हाताच्या रकान्यात लिहिलं : फोन – कुमुदताई. इतके दिवस मोकळ्या राहिलेल्या रकान्यात ती एक ओळ फार ऐसपैस बसली. सरांनी कागद हातात घेतला. डावीकडची एक ओळ वाचली. मग उजवीकडच्या अकरा ओळी, बोट ठेवून, एकेक.

"ही अकरा कामं काल व्यवस्थित झाली?"

"झाली. ते 'मोरया'चं तेवढं बघायला लागेल. अर्ध्या तासाचं काम आहे."

"त्यानंतर यांना माणूस लागत नाही?"

"अजिबात नाही," मी अभिमानाने म्हणालो. "सगळं आपोआप होतं."

सरांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली आणि मधली रेघ बोटाने सरळ केल्यासारखी केली. खाली चष्मेवाल्याचा माणूस कोणाला तरी वरून तिसरी ओळ वाचायला सांगत होता. मी वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून बघितलं, आणि मग मला ते कळलं.

"वैयक्तिक काही नाही, धीरज," सर म्हणाले.

"नाही सर. मीच लिहिलंय."

'मोरया' दुरुस्त करायला अर्धा तास नाही, सव्वा तास लागला. तो मी त्या कामातला माझा शेवटचा तास म्हणून नीट केला. मग ड्रॉवर रिकामा केला. चार्जर, एक पेन, शिबिरातून सरांनी आणलेली वही.

कुमुदताई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता त्या काहीतरी म्हणतील आणि मला अवघडल्यासारखं होईल.

"तुला खोटं बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "आठल्यांपुरतं येतं."

"इतरत्र वापरायची वेळ येऊ नये."

"आटपाडीचा ना तू? आटपाडीला माझं कोणी नाही." त्यांनी वही उघडली आणि नवीन पान काढलं. वर ठळक अक्षरांत आटपाडी लिहिलं. "घरी उपास कोण करतं?"

"आई."

"शुगर?"

"नाही. बीपी आहे."

"गोळी जेवायच्या आधी की नंतर?"

"नंतर."

"चक्कर येते?"

"उन्हात कधीतरी."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. बासष्ट माणसं एकेक करून पुढून गेली असावीत. मग डोळे उघडले. "तेविसावी. नंबर सांग."

मी सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणून घेतला, लिहून घेतला नाही.

स्टँडवर गाडीला वेळ होता. तिथून मी आईला फोन केला. नोकरीचं लगेच सांगवेना, म्हणून म्हटलं, पुढच्या संकष्टीपासून आपल्याकडे चंद्र सतरा मिनिटं उशिरा उगवेल, फोन आला की जेवायला बस.

"का रे? उशिरा का?"

"तुझ्या आधी बावीस जणं जास्त आजारी आहेत."

मला वाटलं, आता ही विचारणार की तू तिकडे नक्की काय काम करतोस.

"मग चालेल," ती म्हणाली.